तळटीप : ‘ए’ प्रमाणपत्र

७. ‘ए’ प्रमाणपत्र : सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ नुसार केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र. पालक सोबत असले तरी १८ वर्षांखालील प्रेक्षकाला प्रवेश देता येत नाही. पूर्वी ‘यू’ (सर्वांसाठी) व ‘ए’ हे दोनच वर्ग होते. १९८३मध्ये ‘यूए’ आणि ठरावीक व्यावसायिकांसाठीचा ‘एस’ आले. २०२३च्या दुरुस्तीने ‘यूए’चे ७+, १३+ व १६+ असे भाग पडले, तेथे निर्णय पालकांचा. दोनच वर्ग असताना दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘अ टेल ऑफ फोर सिटीज’ हा माहितीपट मुंबईच्या वेश्यावस्तीतील दृश्यांमुळे सुरुवातीला ‘यू’ला मुकला. त्यावरून अब्बास यांनी केलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७०मध्ये चित्रपटांचे पूर्वपरीक्षण वैध ठरवले. मात्र निकषांनी कलेला भरपूर मोकळीक ठेवावी, असेही बजावले. वर्गवारीचा खरा कस आजही याच कसोटीवर लागायला हवा. — संपा.