मार्गेट
मार्गेट : इंग्लंडच्या केंट परगण्यातील समुद्रकाठचे पर्यटननगर. अठराव्या शतकापासून समुद्रस्नानासाठी प्रसिद्ध. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी सहली स्वस्त झाल्या आणि येथील पर्यटनाला उतरती कळा लागली. पुनर्विकासासाठी नगराने स्थानिक वारशाचाच आधार घेतला. चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर (१७७५–१८५१) जेथे मुक्कामास असत, त्या जागी ‘टर्नर कंटेम्पररी’ हे कलादालन २०११ मध्ये उघडले. वास्तुरचना डेव्हिड चिपरफील्ड यांची. येथील ‘ड्रीमलँड’ या मनोरंजन उद्यानातील १९२० चा लाकडी रोलर कोस्टर २००८ च्या आगीत बराच जळाला. तो पुन्हा उभारून २०१५ मध्ये सुरू करण्यात आला. कलावंत व पर्यटक परतले, पण घरभाडीही वाढली. वारशासोबत स्थानिक रहिवासीही टिकले, तरच असा पुनर्विकास सफल म्हणता येतो.