वारी, जत्रा आणि आमची सहल

मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला आणि स्मरणिकेसाठी मीही चार ओळी लिहाव्यात असे अध्यक्षबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाककृती लिहावी, तर त्या आपणां सर्वांना माझ्याहून चांगल्या येतात. मग मागच्या हळदीकुंकवाला निघालेला विषय आठवला. एक भगिनी म्हणाल्या होत्या, "आपल्यासारख्यांना कसली आलीय सहल! महिना भागवून हातात उरतंय काय?" सगळ्या हसल्या, मीही हसले. परंतु घरी गेल्यावर तो प्रश्न मनात घोळत राहिला. उरलेल्या पैशातून साधे माणूस कधी फिरले आहे काय? आपल्या माणदेशातील माणसे पूर्वीपासून घराबाहेर पडत आली आहेत, ती कशाच्या जोरावर? वडीलधाऱ्यांना विचारून आणि मुलीने वाचनालयातून आणून दिलेली पुस्तके वाचून जे समजले, ते येथे लिहीत आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

हवा पालटायला जाणे ही मुळात साहेबलोकांची रीत. आपल्याच सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर पाहा. १८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तेथे वसाहत उभारण्यास आरंभ केला. ती जागा इंग्रजांनी साताऱ्याच्या छत्रपतींकडून खंडाळा गावाच्या बदल्यात घेतली. उन्हाळा आला की मुंबईचे बडे अधिकारी बायकामुलांसह डोंगरावर राहावयास जात. त्यांचा पगार चालूच असे. त्याच जिल्ह्यात आपल्याकडे काय चालले होते? १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला, तेव्हा आपले पूर्वज राजेवाडीच्या तलावाचे काम करीत होते. कुणी थंड हवा खाण्यासाठी घर सोडी, तर कुणी पोट भरण्यासाठी माती उपसण्यास जाई. आपल्या लोकांना घर सोडणे ठाऊक होते, पण ते असे.

तरीही आपली माणसे आनंदासाठी घराबाहेर पडत असत. फक्त त्याला सहल म्हणत नसत, देवाला जाणे म्हणत. चैत्रात शिखर शिंगणापूर, आषाढी-कार्तिकीला पंढरपूर, मार्गशीर्षात आपल्या सिद्धनाथाचा रथ. रथाच्या दिवशी गुलाल-खोबऱ्याने न्हालेला रस्ता आपण दरवर्षी पाहतो. पूर्वी त्याच रस्त्यावर गावोगावच्या बैलगाड्या सुटलेल्या असत, असे म्हाताऱ्या बाया सांगतात. पाहुणे घरोघरी उतरत. ज्याच्या घरी आज आपण उतरलो, तो उद्या आपल्या गावच्या जत्रेला येणार, हा न लिहिलेला करार असे. त्यामुळे मुक्कामाला पैसा लागत नसे. शिदोरी घरची, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या. बैलांचा कडबाही गाडीतच बांधलेला. गाडी एकाची, बैल दुसऱ्याचे, पीठ तिसऱ्याचे, आणि आळीतल्या दहा माणसांची जत्रा होई.

वारीची रीत तर याहून पक्की. दिंडीत चालणारा प्रत्येक वारकरी आपला वाटा आधी देतो. त्याला भिशी म्हणतात. कुणी रोख देई, कुणी ज्वारी देई. त्या वाट्यातून वाटेवरचे जेवण निघे. भगिनींनो, यातील "आधी" हा शब्द मला फार मोलाचा वाटला. वारी झाल्यावर हिशेब करू असे कुणी म्हणत नसे, आणि सुगीत काही उरले तर जाऊ असेही म्हणत नसे. वाटा प्रथम बाजूला निघे आणि राहिलेल्यात घर चाले. पुढे आगगाडी आली. बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी १९०६ साली कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंत आली आणि लांबच्या यात्रेकरूंची सोय झाली. आपल्या म्हसवडला मात्र रेल्वे कधी आलीच नाही. आपण बैलगाडीवरून उतरलो ते थेट एस.टी.त चढलो.

एस.टी. येण्यापूर्वी खाजगी सर्व्हिस मोटारी धावत. गाडी माणसांनी भरली की सुटणार, असा त्यांचा कारभार. १ जून १९४८ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ते पुणे ही एस.टी.ची पहिली गाडी सुटली. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे यांची नावे आजही आदराने घेतली जातात. ठरलेली वेळ, ठरलेले भाडे आणि लहान मुलाला अर्धे तिकीट, या तीन गोष्टींमुळे गरिबाला खर्चाचा अंदाज आधी बांधता येऊ लागला. यात्रेला जादा गाड्या सुटू लागल्या. १९८८ साली तर "आवडेल तेथे प्रवास" ही पासाची योजना निघाली. एकदा ठराविक रक्कम भरली की तितके दिवस एस.टी.ने कोठेही फिरावे.

गाडी आली, परंतु सुट्टी कुठे होती? मजुराला एक दिवस घरी बसणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे. या बाबतीत परदेशातील एक हकिगत वाचली. फ्रान्स देशात १९३६ साली मोठे संप झाले आणि कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. त्याच उन्हाळ्यात सरकारने त्यांच्यासाठी आगगाडीचे तिकीट शेकडा ४० ने स्वस्त केले, आणि कितीतरी कुटुंबांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. रजा आणि स्वस्त तिकीट या दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच हे घडले. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने, वर्षात २४० दिवस भरणाऱ्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा ठरविली. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या भागातील कितीतरी माणसे होती. त्यांनाही ती मिळू लागली.

आमचे मामंजी त्यांपैकीच एक. १९६३ साली आत्याबाई लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हा ते मुंबईला गिरणीत लागलेले होते. वीस-बावीस माणसांत एक गाळा, पाळीपाळीने झोपायचे आणि खानावळीत जेवायचे. तेथे बायको नेणार कुठे? आत्याबाई गावीच राहिल्या. मामंजी वर्षातून एकदा, बहुधा रथाच्या वेळी, रजा काढून येत. हे सांगताना आत्याबाई एकदा म्हणाल्या, "त्यांची रजा म्हंजी माझी दुप्पट चूल." रजेवर आलेला माणूस, त्याला भेटायला येणारे पाहुणे, त्यात जत्रा. कायद्याने रजा दिली ती गिरणीतल्या माणसाला. घरात राबणाऱ्या बाईचे २४० दिवस कुणी मोजले नाहीत. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, मामंजी गावी परतले ते कायमचेच. आत्याबाईंची मुंबई आणि मुंबईचा समुद्र पाहावयाचा राहिला तो राहिलाच.

बाईला सुट्टी मिळे ती माहेरी. मे महिन्यात मुलांना घेऊन मामाच्या गावाला जाणे, ही आपल्या सर्वांच्या आठवणीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गोड सुट्टी. परंतु तेथेही मामीच्या चुलीचा विचार लहानपणी आपण कुठे केला? स्वतः मामी झाल्यावर तो मला कळला.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते. घरचे मालक एका दुकानात कामाला आहेत. दीड एकर जिराईत आणि एक म्हैस. २०१० साली मी आत्याबाईंना समुद्र दाखवायचा असे मनात धरले आणि दुधाच्या पैशातून रोज थोडे डब्यात टाकू लागले. २०१२-१३ चा दुष्काळ आपणां सर्वांना आठवत असेल. गावाजवळ जनावरांची छावणी लागली होती. डबा फोडला आणि म्हैस वाचविली. पुन्हा साठविले. २०२० साली टाळेबंदी आली, मालकांचा पगार थांबला, आणि तो डबा किराण्यात गेला. त्या वेळी मला रडू आले. आत्याबाई म्हणाल्या, "पोरी, समुद्र कुठं पळून चाललाय?" पण त्या तेव्हा सत्तरी ओलांडून गेल्या होत्या. समुद्र पळणार नव्हता, वय मात्र थांबणार नव्हते.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की डबा घरात असला की तो घराचाच होतो. आपल्याच गावात १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. श्रीमती चेतना सिन्हा यांनी पुढाकार घेतला. प्रथम रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, कारण पुढे आलेल्या कित्येक बायांना लिहितावाचता येत नव्हते. त्या बाया अक्षरे शिकल्या, पुन्हा साहेबांसमोर गेल्या आणि आम्ही व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो असे म्हणाल्या. परवाना मिळाला. ज्या गावच्या बायांनी एवढे केले त्या गावात राहून मी पैसे डब्यात का ठेवावेत? जुलै २०२१ पासून दरमहा ३०० रुपये आवर्ती ठेवीत भरू लागले. तीस महिन्यांत ९,००० रुपये झाले, व्याज वेगळे. त्यातही एक महिना गॅसची टाकी आणि मुलीची फी एकदम आली, तेव्हा हप्ता भरण्यासाठी साखर कमी आणली. साखर कमी आणण्याची लाज वाटली नाही.

इकडे एस.टी.चा मोठा संप २०२१ च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. गाड्या पुन्हा धावू लागल्या आणि लागोपाठ दोन सवलती आल्या. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांना मोफत प्रवास, आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. मी कागद घेऊन बसले. आत्याबाई मोफत, मी आणि मुलगी अर्ध्या, मुलगा अकरा वर्षांचा म्हणून अर्धा, पूर्ण तिकीट फक्त मालकांचे! एवढे दिवस ज्यांच्या जाण्याला खर्च म्हणत होते, त्यांचेच जाणे स्वस्त झाले होते.

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही गणपतीपुळ्यास निघालो. पहाटे निघून, कऱ्हाड आणि कोल्हापूरला गाड्या बदलून, आंबा घाटाने कोकणात उतरलो. पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंना घेऊन वाळूत गेले. त्यांनी लुगड्याचा काठ वर खोचला, ओंजळीत पाणी घेतले, तोंडाला लावले आणि थुंकल्या. "खारट हाय गं! एवढं असून काय उपेग!" मुले हसू लागली. दुष्काळात जन्म गेलेल्या माणसाने दुसरे काय म्हणावे? थोड्या वेळाने त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यांनी मुंबईत हे रोज बघितलं व्हय गं?" मला काय उत्तर द्यावे ते सुचेना. गिरणीच्या पाळीतून त्यांनाही किती वेळा दिसला असेल कोण जाणे. दुपारपर्यंत आत्याबाई तेथेच बसून होत्या, आणि त्या दिवशी आमच्यापैकी कुणीही चूल पेटविली नाही.

पुष्कळ भगिनी विचारतात म्हणून हिशेब देते. एस.टी. जाऊन येऊन २,३३० रुपये, दोन रात्रींची साधी खोली १,६००, खाणे १,४८०, पूजा, खाऊ आणि किरकोळ ६५०. एकूण ६,०६० रुपये. पहिल्या दिवसाची शिदोरी घरचीच होती. सवलत नसती तर नुसत्या एस.टी.लाच चार हजारांवर गेले असते. जानेवारी २०२५ मध्ये भाडे वाढले आहे, तेव्हा आता थोडे अधिक धरावे. उरलेले पैसे मी घरखर्चात घेतले नाहीत. तो पुढच्या वेळचा वाटा.

एवढा सगळा इतिहास पाहिल्यावर मला एवढेच सांगावेसे वाटते. साधा माणूस उरलेल्या पैशातून कधीच फिरला नाही, कारण साध्या घरात काही उरतच नाही. तो फिरला तो आधी काढलेल्या वाट्यातून, चौघांनी मिळून वाटून घेतलेल्या खर्चातून, आणि सरकारने दिलेल्या रजेच्या व तिकिटाच्या आधारातून. पहिल्या दोन गोष्टी आपल्या आज्या-पणज्यांना माहीत होत्या. तिसरी आता आपल्याही वाट्याला आली आहे. परंतु घरातील बाईची रजा अजून कोणत्याही कायद्यात नाही. ती आपणच एकमेकींना द्यावयाची आहे.

म्हणून मंडळापुढे एक सूचना नम्रपणे ठेवते. आपली भिशी आहेच. तिच्या जोडीला सहलीची वेगळी भिशी काढावी, दरमहा झेपेल एवढीच, आणि ती कोणत्याही कारणाने फोडू नये. पहिल्या सहलीला ज्यांनी अजून समुद्र पाहिला नाही अशा सासूबायांना पुढच्या बाकावर बसवावे. आमच्या आत्याबाई येणार आहेतच. खारट पाण्याविषयी सर्वांना आधीच बजावून ठेवले पाहिजे, असे त्या म्हणतात.