मॅग्नेशियम तेल

मॅग्नेशियम तेल हे मॅग्नेशियम क्लोराइड या क्षाराचे पाण्यातील तीव्र, जवळजवळ संपृक्त द्रावण होय. नावात तेल असले तरी त्यात स्निग्ध पदार्थाचा अंश नसतो. बोटांना ते बुळबुळीत लागते एवढ्यावरूनच हे नाव रूढ झाले आहे. खेळाडूंसाठी त्वचेवर फवारण्याचे किंवा चोळण्याचे पूरक म्हणून ते विकले जाते. स्नायूंतील गोळे थांबतात, सरावानंतरचा ठणका कमी होतो, झोप चांगली लागते आणि पोटाला त्रास न देता शरीरातील मॅग्नेशियमची उणीव भरून निघते, असे दावे त्याबाबत केले जातात. यांपैकी शेवटचा दावा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि उपलब्ध संशोधनाचा आधार सर्वांत कमी त्यालाच आहे.

निर्मिती

युरोपातील उत्पादक हे द्रावण प्रामुख्याने नेदरलँड्समधील झेकस्टाइन या प्राचीन समुद्राच्या भूमिगत क्षारथरांतून काढतात. भारतात मॅग्नेशियम क्लोराइड मिळते ते मिठागरांतून. मीठ काढून घेतल्यानंतर वाफ्यात जे कडू पाणी उरते, त्यात हा क्षार एकवटलेला असतो. कच्छच्या छोट्या रणालगतचा खाराघोडा परिसर या उद्योगासाठी जुन्या काळापासून ओळखला जातो. संपृक्त द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे १०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. बाटलीवर हा आकडा ठळक छापलेला असतो. मात्र तो त्वचेवर पडणाऱ्या मॅग्नेशियमचा असतो, रक्तात पोहोचणाऱ्या मॅग्नेशियमचा नव्हे.

शरीरातील मॅग्नेशियम

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते. त्यातील निम्म्याहून अधिक हाडांत, उरलेले बहुतांशी स्नायू व इतर पेशींत आणि एक टक्क्याहून कमी रक्तद्रवात असते. त्यामुळे रक्ततपासणीत पातळी सामान्य दिसली तरी साठा पुरेसा आहे असे निश्चित म्हणता येत नाही. पेशीतील ऊर्जावाहक एटीपी मॅग्नेशियमशी जोडला गेल्यावरच कार्यक्षम होतो. स्नायूंचे आकुंचन व शिथिलीकरण, तसेच चेतासंदेशांचे वहन यांतही या मूलद्रव्याचा वाटा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दररोज ४४० मिलिग्रॅम व स्त्रीला ३७० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आहारातून मिळावे.

त्वचेतून शोषण

त्वचेचा सर्वांत बाहेरचा शृंगस्तर मृत पेशी व स्निग्ध द्रव्यांचा बनलेला असून विद्युतभारित कणांना तो सहसा वाट देत नाही. निकोटिन किंवा काही संप्रेरके त्वचेवरील पट्टीतून रक्तात उतरतात, कारण त्यांचे रेणू लहान व मेदविद्राव्य असतात. मॅग्नेशियमचा आयन याच्या उलट प्रकारचा आहे: त्यावर दुहेरी धनभार असतो आणि पाण्याच्या रेणूंचे जाड वेष्टन त्याला घट्ट चिकटलेले असते. ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शरीराबाहेर काढलेल्या मानवी त्वचेवर प्रयोग केला असता केसांच्या मुळांवाटे काही मॅग्नेशियम आत शिरते असे आढळले. ते थेट रक्तापर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचते असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

माणसांवरील अभ्यास थोडे आहेत. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या २०१७ च्या प्राथमिक चाचणीत २५ जणांना दोन आठवडे मलम देण्यात आले. त्यातून दररोज ५६ मिलिग्रॅम मॅग्नेशियम त्वचेवर लावले जात होते. संपूर्ण गटात रक्तातील पातळीची वाढ संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय ठरली नाही. खेळाडू नसलेल्यांचा उपगट वेगळा काढल्यावर ती लक्षणीय दिसली. खेळाडूंसाठी विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या बाबतीत ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये फायब्रोमायल्जिया या वेदनाविकाराच्या स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात वेदना कमी झाल्याची नोंद आहे; परंतु त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्वचेमार्गे मॅग्नेशियम देण्याच्या एकूण पुराव्याचा २०१७ मध्ये आढावा घेणाऱ्या जर्मन संशोधकांनी ही पद्धत शास्त्रीय आधाराअभावी शिफारस करण्याजोगी नाही, असा निष्कर्ष काढला.

गोळे आणि मॅग्नेशियम

पोटरीत गोळा आला की शरीरात क्षार कमी पडला, असा सरसकट समज आहे. व्यायामात येणाऱ्या गोळ्यांचे कारण पूर्णपणे उलगडलेले नाही. थकलेल्या स्नायूवरील चेतातंतूंचे नियंत्रण बिघडणे हे त्याचे एक प्रमुख स्पष्टीकरण मानले जाते, तर दीर्घकाळ घाम गेल्यास पाणी व सोडियम यांची घटही कारणीभूत ठरू शकते. घामातून मॅग्नेशियम जाते, पण सोडियमच्या तुलनेत फारच थोडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या जलसंजीवनीच्या सूत्रातही मॅग्नेशियम नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यानुसार वृद्धांमधील गोळ्यांवर तोंडावाटे घेतलेल्या मॅग्नेशियमचा अर्थपूर्ण उपयोग होण्याची शक्यता कमी आहे, आणि व्यायामजन्य गोळ्यांवर तर एकही यादृच्छिक नियंत्रित चाचणी आढळली नाही. गोळा आलेला स्नायू सावकाश ताणून धरणे हाच तात्काळ उतार देणारा उपाय होय.

तेल लावल्यावर बरे वाटते असे अनेक खेळाडू सांगतात, आणि ते खोटे म्हणण्याचे कारण नाही. चोळण्याच्या क्रियेनेच स्नायूंना आराम पडतो. तालमीतील मर्दनामागे हाच अनुभव आहे आणि तेथे साधे गोडे किंवा तिळाचे तेलही चालते.

धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) हा मराठवाड्यातील अवर्षणप्रवण जिल्हा खो-खो आणि कुस्तीसाठी ओळखला जातो. येथील खो-खोपटू सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदक जिंकले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. घरच्या परिस्थितीमुळे सुमारे दशकभर कुटुंबाला दिवसातून एकच वेळ जेवण मिळत असे, असे त्यांनी पुरस्काराच्या वेळी जाहीरपणे सांगितले होते. ग्रामीण खेळाडूच्या पोषणाचा प्रश्न बाटलीतल्या पूरकापेक्षा कितीतरी आधी सुरू होतो, याची कल्पना यावरून येते.

मॅग्नेशियमपुरते पाहता जिल्ह्याचा पारंपरिक आहार दुबळा नाही. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १३० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. म्हणजे दीडशे ग्रॅम पिठाच्या भाकरीतून जवळजवळ २०० मिलिग्रॅम मिळते. शेंगदाणे, तीळ, हरभरा आणि पालेभाज्या हे इतर चांगले स्रोत आहेत. पहिलवानांच्या खुराकातील बदामही त्यात मोडतात. धान्यातील फायटेटमुळे यातील काही भाग शोषला जात नाही, तरीही आतड्यातून होणारे शोषण त्वचेतून होणाऱ्या अनिश्चित शोषणापेक्षा खात्रीचे आहे. मैद्याच्या पदार्थांत मात्र कोंड्याबरोबर बरेचसे मॅग्नेशियम निघून गेलेले असते.

पाण्याचाही येथे विचार करावा लागतो. जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसला आहे. या खडकातील खनिजांमुळे विहिरी व विंधनविहिरींच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम उतरते आणि ते जड होते. डाळ लवकर न शिजणे व भांड्यावर पांढरा थर बसणे ही त्याची घरगुती लक्षणे. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात मॅग्नेशियमची स्वीकार्य मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम व पर्यायी स्रोत नसल्यास १०० मिलिग्रॅम आहे. उन्हाळ्यात चार लिटर पाणी पिणाऱ्या खेळाडूला ३० मिलिग्रॅमच्या हिशेबाने त्यातूनच १२० मिलिग्रॅम मिळू शकते. शुद्धीकरण यंत्रातून गाळलेल्या जारच्या पाण्यात हे क्षार फारसे उरत नाहीत.

दुष्परिणाम व दक्षता

तीव्र द्रावणाने चुणचुण, खाज व लाली येते. ही चुणचुण मॅग्नेशियम कमी असल्याची खूण आहे, असे काही विक्रेते सांगतात. त्याला आधार नाही, ती क्षारामुळे होणारी त्वचेची जळजळ असते. सूर मारताना गुडघे व कोपरे खरचटलेल्या खो-खोपटूने किंवा मातीत अंग घासलेल्या पहिलवानाने ते जखमेवर लावू नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या शरीरातून जादा मॅग्नेशियम नीट बाहेर टाकले जात नाही. त्यांनी कोणत्याही स्वरूपातील मॅग्नेशियम वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये. खेळाडूला वारंवार गोळे येत असतील, विशेषतः लघवीचा रंग गडद होत असेल किंवा उन्हात चक्कर येत असेल, तर तेल चोळत बसणे धोक्याचे ठरते. हे उष्माघाताचे किंवा स्नायूंच्या गंभीर इजेचे पूर्वचिन्ह असू शकते.

कायदेशीर स्थिती

भारतात पूरक आहाराचे नियम तोंडावाटे घ्यायच्या पदार्थांना लागू होतात. अंगाला लावण्याची उत्पादने औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कक्षेत येतात, आणि सौंदर्यप्रसाधन म्हणून विकलेल्या वस्तूला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. मॅग्नेशियम जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत नाही.