पाण्याची नाडी : खडकवासला ते तिघरा

तिघऱ्याची एखादी तरी आठवण नाही असे घर आपल्या मराठी मंडळींत विरळाच. श्रावणातील एखाद्या रविवारी डबे बांधून निघालेले कुटुंब, धरणावरून दिसणारा पाण्याचा विस्तार आणि ‘काठाशी जाऊ नका रे’ हा आजीचा धाक आम्हांस अजून आठवतो. सांक नदीवरचा हा जलाशय शहरापासून सुमारे २३ किलोमीटरवर आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली येथे स्थिरावली आणि लष्कर वसले, तेव्हा विहिरी व कुंड हाच आधार होता. धरणाचे पाणी आले ते माधवराव महाराजांच्या कारकिर्दीत. मात्र तिघऱ्याचे पहिले धरण १९१७ च्या पावसाळ्यात फुटले होते, हे नव्या पिढीस क्वचितच ठाऊक असते. त्या निमित्ताने पाणी मोजण्याच्या साधनांचा थोडा इतिहास सांगावा, असा विचार आहे.

आरंभ पुण्यापासून करावा लागेल. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियंता झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. खडकवासल्याच्या तलावातील पाणी दर पावसाळ्यात सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात टंचाई भासे. भिंत उंच करणे धोक्याचे व खर्चाचे होते. म्हणून त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दारे बसविण्याची योजना केली. त्यामुळे सांडव्याच्या मूळ पातळीवर सुमारे ८ फूट पाणी अधिक धरता येऊ लागले. १९०३ साली ही दारे बसली. पुढे त्याच पद्धतीची दारे आपल्या तिघऱ्यावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर आली.

या दारांचे मर्म आजच्या भाषेत सांगायचे तर ती स्वतःच ‘सेन्सर’ होती. पाणी ठरलेल्या खुणेपर्यंत चढले की त्याच्याच जोराने वजनांचा तोल बदले आणि दारे उघडत. पाणी उतरले की आपोआप मिटत. वीज नाही, तार नाही, मध्यरात्रीच्या पुरात कंदील घेऊन धावणारा चौकीदारही नाही. पाण्याची खबर पाण्यानेच द्यावी आणि उपायही त्यानेच करावा! आमच्या मते त्या योजनेचे खरे मोठेपण येथे आहे. जेथे माणूस वेळेवर पोचू शकत नाही अशा जागेसाठी, त्या जागेचा विचार करून ते साधन घडविले होते.

आता १९१७ कडे वळू. धरणांच्या अपघातांच्या तांत्रिक नोंदींत तिघऱ्याचे नाव आहे. चुन्यातील दगडी बांधकामाची, सुमारे २४ मीटर उंचीची ती भिंत होती. पुराचे पाणी सुमारे ४०० मीटर लांबीत माथ्यावरून ओसंडले आणि भिंतीचे दोन प्रचंड भाग पायावरून सरकून वाहून गेले. धरणाखाली वालुकाश्म आहे, आपल्या किल्ल्याचा आहे तोच दगड. त्याच्या भेगांतून पाणी भिंतीच्या तळाशी शिरते आणि भिंतीस खालून वर उचलू पाहते. वरून पुराचा लोट, खालून हा उचल दाब, आणि मध्ये केवळ स्वतःच्या वजनावर उभी असलेली भिंत. १९२९ मध्ये धरण पुन्हा उभे राहिले.

पाण्याची पातळी डोळ्यांना दिसते. तिच्यासाठी भिंतीवर रंगविलेली मोजपट्टीही पुरते. पण पायाखाली दगडात किती पाणी मुरले आणि ते किती दाबाने वर रेटते आहे, हे मोजपट्टी सांगू शकत नाही. आज मोठ्या धरणांच्या पोटात पिझोमीटर नावाची दाबमापके पुरतात, गळतीचे पाणी लहानशा खाचेतून वाहवून रोज मोजतात. ते पाणी एकाएकी वाढले किंवा गढूळ झाले तर तो इशारा समजतात. पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्याच दिवशी खडकवासलाही गेले. ज्या सांडव्यावर विश्वेश्वरय्यांची दारे प्रथम बसली तेच हे धरण. पुण्यातील नातेवाइकांची खुशाली कळेपर्यंत ग्वाल्हेरच्या कित्येक घरांत त्या वेळी चूल नीट पेटली नव्हती, असे आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे.

साधन उत्तम असून भागत नाही, ते त्या जागी टिकले पाहिजे, हे आम्ही नोकरीत असताना प्रत्यक्ष पाहिले. नदीकाठी विहिरीसारखी एक कोठी बांधून तिच्यात तरंगणाऱ्या तराफ्यावरून पातळी नोंदविण्याची पद्धत जुनी. आमच्या नद्यांना मात्र पावसाळ्यात इतका गाळ येतो की कोठीचे तोंड बुजते, तराफा अडकतो आणि नदी दुथडी वाहत असता कागदावर सरळ रेघ उमटत राहते. अशी रेघ आम्ही स्वतः एका दौऱ्यात पाहिली. खालच्या कर्मचाऱ्याने ती इमानाने फाईलला लावली होती आणि वरच्यांनी, आमच्यासह, तिच्यावर सह्या केल्या होत्या. ती सही अजून आम्हांस टोचते.

या अडचणीवर जो उपाय निघाला त्यात बुडबुडाच कामास आला. एक बारीक नळी पाण्यात खोल सोडतात व तिच्यातून हवा अगदी सावकाश सोडतात. बुडबुडे बाहेर पडण्यास जितका दाब लागतो, तितकी वर पाण्याची उंची. यंत्र सारे काठावर कोरडे राहते. पाण्यात फक्त नळीचे टोक. जेथे तेही वाहून जाण्याचे भय असते तेथे पुलावर रडार टांगतात. ते पाण्यास स्पर्शही करीत नाही. १९९५ ते २००३ या काळात मध्य प्रदेश व महाराष्ट्रासह नऊ राज्यांत जलविज्ञान प्रकल्प राबविला गेला आणि २०१६ पासून राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. त्यांतून अशा स्वयंचलित नोंदींना चालना मिळाली. अर्थात ऑगस्ट २०२१ मध्ये सिंध नदीच्या पुराने दतिया जिल्ह्यातील पूलच वाहून नेले. पुलावर टांगलेले साधन पुलापेक्षा बळकट कसे असणार?

हाच बुडबुडा नळात शिरला की शत्रू होतो. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या शहरांत नळ मधल्या वेळात रिकामे होऊन हवेने भरतात. पाणी सुटले की आधी ती हवा फुसफुसत बाहेर पडते आणि पंख्याचे मीटर तिच्यावरही गरगर फिरते. बदलीच्या एका गावी आम्ही बादली कोरडी असताना मीटर फिरताना पाहिले आहे. हवेचे पैसे भरणारे आम्ही एकटेच नसू. विद्युतचुंबकीय मीटरला नळी पूर्ण भरलेली लागते. ध्वनिलहरींचे मीटर प्रवाहाच्या दिशेने व उलट दिशेने ध्वनी पाठवून दोन्ही वेळांतील फरक मोजते, पण बुडबुडे फार झाले की ध्वनी विखुरतो आणि त्याचाही हिशेब चुकतो. उलट दुसऱ्या एका जातीच्या मीटरास बुडबुडे किंवा गाळाचे कणच हवे असतात. त्यांवरून परतणाऱ्या ध्वनीवरून ते वेग ओळखते. म्हणून मीटर विकत घेण्यापूर्वी नळाचा स्वभाव पाहावा लागतो. उंचवट्यावर हवा सोडणारी झडप हवी आणि मीटर नळी सदा भरलेली राहील अशा जागी हवे.

ध्वनी पाण्यातून सहज जातो आणि हवेच्या सीमेवर जवळजवळ सगळा परततो. एवढ्याच तत्त्वावर रुग्णालयातील डायलिसिसचे यंत्र रक्ताच्या नळीतील बुडबुडा ओळखते आणि तत्क्षणी पंप थांबवून नळी चिमटीत धरते. आमच्या एका आप्ताच्या उशाशी बसून त्या यंत्राची घंटा आम्ही ऐकली आहे. दारे आपोआप हलविणारी खडकवासल्याची युक्ती आणि ही चिमटी यांच्यात आम्हांस सख्खे नाते दिसते. दोन्ही ठिकाणी माणसाने येऊन पाहीपर्यंत वेळ नसतो.

असो. शेवटी एक विनंती. संस्थानच्या बांधकाम व पाटबंधारे खात्यांत आपल्या अनेक घरांतील आजोबा-पणजोबा ओव्हरसीअर, कारकून, नकाशानवीस म्हणून होते. त्यांच्या रोजनिश्या, मोडीतील टिपणे, नकाशे माळ्यावरील पेट्यांत असतील. १९१७ च्या त्या पावसाळ्यात तिघऱ्याच्या भिंतीतून किती पाणी झिरपत होते, ते कोणी पाहिले आणि कोणास कळविले, याची एखादी ओळ त्यांत सापडणे अशक्य नाही. ते कागद रद्दीत देण्यापूर्वी एकवार संस्थेच्या कार्यालयात आणून दाखवावेत. मोडी वाचण्याचे काम आम्ही आनंदाने करू.