ऑस्ट्रेलियाचा राज्य-नामांकित कुशल स्थलांतर व्हिसा

राज्य-नामांकित कुशल स्थलांतर व्हिसा (उपवर्ग १९०) हा ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारकडून दिला जाणारा कायमस्वरूपी वास्तव्याचा व्हिसा आहे. ऑस्ट्रेलियातील एखादे राज्य किंवा प्रदेश आपल्या गरजेनुसार परदेशी कुशल व्यक्तीचे नाव सुचवते आणि त्या नामांकनाच्या आधारे केंद्र सरकार व्हिसाचा निर्णय घेते. बोलीभाषेत यास 'स्टेट स्पॉन्सरशिप' असे म्हणतात. नामांकन मिळाले म्हणजे व्हिसा मिळाला असे होत नाही. ते केवळ अर्ज करण्याचे निमंत्रण मिळवून देते. मुंबईतील गिरगाव, दादर, परळ, लालबाग या जुन्या मराठी वस्त्यांतील अर्जदारांसमोर या प्रक्रियेत कागदपत्रे, भाडेहक्काचे घर आणि वृद्ध आईवडील यांविषयीचे काही विशिष्ट प्रश्न उभे राहतात.

इतिहास

ऑस्ट्रेलियात १९०१च्या स्थलांतर निर्बंध कायद्यापासून गोऱ्या वंशाच्या लोकांनाच प्राधान्य देण्याचे धोरण होते. ते टप्प्याटप्प्याने शिथिल होत १९७३मध्ये संपुष्टात आले. १९७९पासून अर्जदाराचे गुणांकन करण्याची पद्धत सुरू झाली. सिडनी व मेलबर्न या दोन महानगरांकडेच स्थलांतरितांचा ओघ राहू नये, यासाठी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात राज्यांना स्थलांतरितांच्या निवडीत वाटा देण्यात आला. १ सप्टेंबर २००७ रोजी व्हिसांची पुनर्रचना होऊन राज्य-पुरस्कृत उपवर्ग १७६ आणि ४७५ अस्तित्वात आले. १ जुलै २०१२ रोजी 'स्किलसिलेक्ट' ही संगणकीय निवडपद्धती सुरू झाली आणि आजचा उपवर्ग १९० तेव्हापासून लागू आहे. महानगरांबाहेरील भागांसाठीच्या उपवर्ग ४८९ची जागा १६ नोव्हेंबर २०१९ रोजी उपवर्ग ४९१ने घेतली.

१९० आणि ४९१ यांतील फरक

उपवर्ग १९० हा पहिल्या दिवसापासून कायमस्वरूपी असतो. नामांकन देणाऱ्या राज्यात किमान दोन वर्षे राहण्याची हमी अर्जदार त्या राज्याला देतो. मात्र ती व्हिसाची अट म्हणून नोंदलेली नसते. उपवर्ग ४९१ हा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा आहे. त्यात ठरवून दिलेल्या प्रादेशिक भागातच राहणे, काम करणे व शिकणे बंधनकारक असते. तीन वर्षे अटींचे पालन केल्यानंतर उपवर्ग १९१ या कायमस्वरूपी व्हिसासाठी अर्ज करता येतो. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे वगळता उर्वरित देश 'प्रादेशिक' गणला जातो. त्यामुळे पर्थ आणि ॲडलेड ही मोठी शहरेही त्यात येतात.

पात्रता व गुणांकन

अर्जदाराचा व्यवसाय मान्य यादीत असावा लागतो. संबंधित व्यावसायिक संस्थेकडून कौशल्याची तपासणी करून घ्यावी लागते. संगणक क्षेत्रासाठी ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी, अभियंत्यांसाठी इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया, परिचारिकांसाठी ॲनमॅक आणि इतर अनेक व्यवसायांसाठी व्हेटॅसेस या संस्था हे काम करतात. निमंत्रणाच्या दिवशी वय ४५ वर्षांपेक्षा कमी आणि एकूण गुण किमान ६५ असणे आवश्यक आहे.

वय: १८ ते २४ वर्षे २५ गुण, २५ ते ३२ वर्षे ३० गुण, ३३ ते ३९ वर्षे २५ गुण, ४० ते ४४ वर्षे १५ गुण.
शिक्षण: पदवी १५ गुण, पीएच.डी. २० गुण.
परदेशातील अनुभव: ३ वर्षांपासून ५ गुण, ५ वर्षांपासून १० गुण, ८ वर्षांपासून १५ गुण.
इंग्रजी: आयईएलटीएस परीक्षेच्या प्रत्येक भागात किमान ७ असल्यास १० गुण, किमान ८ असल्यास २० गुण.
राज्याचे नामांकन: उपवर्ग १९०साठी ५ गुण, उपवर्ग ४९१साठी १५ गुण.

किमान गुण असणे आणि निमंत्रण मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अर्जदारांच्या स्पर्धेमुळे अनेक व्यवसायांत प्रत्यक्ष निमंत्रणे ६५हून बऱ्याच अधिक गुणांना मिळतात.

मराठीचे गुण

ऑस्ट्रेलियातील 'नाटी' ही संस्था समाजभाषांची परीक्षा घेते आणि ती उत्तीर्ण झाल्यास ५ गुण मिळतात. या परीक्षेच्या भाषांमध्ये मराठीचा समावेश आहे. परीक्षार्थीला इंग्रजी व मराठी बोलणाऱ्या दोन व्यक्तींमधील दोन संवाद ऐकवले जातात आणि प्रत्येक वाक्यखंडाचे दुसऱ्या भाषेत तोंडी भाषांतर करावे लागते. संवाद दवाखाना, न्यायालय, विमा, शाळा, सरकारी कार्यालय अशा व्यवहारांतले असतात. एकूण ९० गुणांपैकी ६३ गुण, तसेच प्रत्येक संवादात ४५ पैकी किमान २९ गुण आवश्यक असतात. घरात मराठी बोलणारे, परंतु संपूर्ण शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेले अर्जदार 'जामीन', 'हप्ता', 'शस्त्रक्रिया', 'तक्रारदार' अशा शब्दांसाठी मुद्दाम सराव करतात. मराठी माध्यमात शिकलेल्यांना या परीक्षेत शालेय भाषेचा प्रत्यक्ष उपयोग होतो.

प्रक्रिया

१. कौशल्य तपासणी आणि इंग्रजीची परीक्षा.
२. स्किलसिलेक्टवर इच्छापत्र नोंदवणे. हे इच्छापत्र दोन वर्षे वैध असते आणि त्यासाठी शुल्क नाही.
३. राज्याकडे नामांकनासाठी अर्ज. सहा राज्ये व दोन प्रदेश यांचे निकष स्वतंत्र असून ते वारंवार बदलतात.
४. नामांकन मिळाल्यावर निमंत्रण. त्यानंतर ६० दिवसांत व्हिसाचा अर्ज करावा लागतो.
५. वैद्यकीय तपासणी व पोलीस दाखला.
६. निर्णय. व्हिसा मिळाल्यास पत्रात प्रथम प्रवेशाची अंतिम तारीख दिलेली असते.

ऑस्ट्रेलियाचे आर्थिक वर्ष १ जुलैपासून सुरू होते. केंद्र सरकार त्या वर्षासाठी प्रत्येक राज्याला नामांकनांची संख्या ठरवून देते. २०२४-२५ या वर्षी स्थलांतराच्या एकूण १,८५,००० जागांपैकी राज्य-नामांकित गटासाठी ३३,००० आणि प्रादेशिक गटासाठी ३३,००० जागा होत्या. या संख्येत अर्जदारासोबत त्याचा जोडीदार व मुले यांचीही गणना होते. वाटा संपला की राज्य नामांकन थांबवते आणि उरलेल्यांना पुढील वर्षाची वाट पाहावी लागते.

प्रतीक्षाकाळ

प्रतीक्षा दोन टप्प्यांत असते: इच्छापत्र नोंदवल्यापासून निमंत्रणापर्यंत आणि अर्जापासून निर्णयापर्यंत. पहिल्या टप्प्यात कोणतीही मुदत नसते व निमंत्रण न आल्यास त्याचे कारणही कळवले जात नाही.

या काळात अर्जदाराची पात्रता स्थिर राहत नाही. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल तीन वर्षे ग्राह्य धरतात. कौशल्य तपासणीची मुदतही सामान्यतः तेवढीच असते. वयाचे गुण निमंत्रणाच्या दिवशी मोजले जातात. त्यामुळे ३३वा वाढदिवस येताच ५ गुण कमी होतात. म्हणजे राज्याच्या नामांकनातून उपवर्ग १९०साठी मिळालेले गुण तिथेच वजा होतात. ४०व्या वाढदिवसाला आणखी १० गुण कमी होतात. उलट अनुभवाची पाच किंवा आठ वर्षे पूर्ण झाल्यास गुण वाढतात. निमंत्रण मिळाल्यानंतर मात्र वाढलेल्या वयाचा गुणांवर परिणाम होत नाही.

धोरणातील बदलांचे परिणामही प्रतीक्षेतील अर्जांवर झालेले आहेत. सप्टेंबर २००९मध्ये अर्जांचा प्राधान्यक्रम बदलण्यात आला. ८ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन स्थलांतर मंत्री ख्रिस इव्हान्स यांनी १ सप्टेंबर २००७ पूर्वी देशाबाहेरून केलेले सुमारे २०,००० अर्ज निकाली न काढता शुल्क परत करण्याचे जाहीर केले. दोन वर्षांहून अधिक काळ थांबलेल्या अर्जदारांना शुल्क मिळणार होते. गेलेला काळ आणि त्या काळात वाढलेले वय मात्र भरून निघण्याजोगे नव्हते. करोनाच्या साथीत २० मार्च २०२० पासून देशाच्या सीमा बंद झाल्या. अनेक राज्यांनी देशाबाहेरील अर्जदारांचे नामांकन स्थगित ठेवले, आणि लसीकरण झालेल्या कुशल व्हिसाधारकांना १५ डिसेंबर २०२१ पासून प्रवेश खुला झाला. ऑक्टोबर २०२२ पासून आरोग्य व शिक्षण क्षेत्रातील अर्जांना प्राधान्य देण्यात आले.

मुंबईतील कागदपत्रे

पोलीस दाखल्यासाठी पारपत्र सेवा संकेतस्थळावर अर्ज करून पारपत्र सेवा केंद्रात जावे लागते. दक्षिण व मध्य मुंबईसाठी लोअर परळ येथील केंद्र सोयीचे आहे. राहता पत्ता पारपत्रावरील पत्त्याहून वेगळा असल्यास स्थानिक पोलीस ठाण्याकडून पडताळणी होते. चाळीतील खोलीची भाडेपावती पुष्कळदा वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावे असते, म्हणून पत्त्याच्या पुराव्यासाठी इतर कागद आधीच जमवावे लागतात. मागील दहा वर्षांत ज्या ज्या देशात एकूण बारा महिने वास्तव्य झाले, त्या प्रत्येक देशाचा दाखला द्यावा लागतो.

जन्म व विवाह नोंदणीचे दाखले मुंबई महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयातून मिळतात. गिरगावचा बराचसा भाग डी विभागात, दादर पश्चिम जी उत्तर विभागात आणि परळ व लालबाग एफ दक्षिण विभागात येतात.

नावातील तफावत ही मराठी अर्जदारांची नेहमीची अडचण आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी आणि वडिलांचे नाव शेवटी, पदवीवर माहेरचे नाव, पारपत्रावर सासरचे नाव, जन्मदाखल्यावर केवळ बाळाचे पाळण्यातले नाव, असे प्रकार आढळतात. अशा वेळी विवाह प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र किंवा महाराष्ट्र शासन राजपत्रातील नावबदलाची नोंद जोडतात. राजपत्राचे काम पाहणाऱ्या शासकीय मुद्रण संचालनालयाचे कार्यालय चर्नी रोड येथे आहे. नावबदलाचा अर्ज आता ऑनलाइन करता येतो.

परळ परिसरात के.ई.एम. (स्थापना १९२६), टाटा मेमोरियल (१९४१) आणि वाडिया ही मोठी रुग्णालये आहेत. परिचारिकांसारखे व्यवसाय मागणीच्या यादीत सातत्याने असल्याने येथील अनुभवाला या प्रक्रियेत महत्त्व आहे. अनुभवपत्रात पद, कामाचे स्वरूप, तास व कालावधी यांचा स्पष्ट उल्लेख लागतो. केवळ 'समाधानकारक सेवा' असा शेरा पुरत नाही.

स्थलांतराचे नियोजन

घर: गिरगाव, परळ, लालबागमधील अनेक कुटुंबे पागडीच्या म्हणजे भाडेहक्काच्या घरात राहतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम १६ नुसार भाड्याची जागा योग्य कारणाविना सलग सहा महिने वापरात नसेल, तर मालक ती परत मिळवण्यासाठी न्यायालयात जाऊ शकतो. मुंबईत असे दावे धोबीतलाव येथील लघुवाद न्यायालयात चालतात. त्याच कायद्यानुसार भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत त्या वेळी राहत असलेल्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. तसे कोणी नसल्यास वारसाचा विचार होतो. परदेशी गेलेला मुलगा वा मुलगी 'सोबत राहणारे' या व्याख्येत बसतीलच असे नाही. म्हणून खोलीला कुलूप लावून निघून जाणे धोक्याचे ठरते आणि निघण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेतला जातो. इमारतीचा पुनर्विकास सुरू असल्यास करारावरील सह्या व कुलमुखत्यारपत्र यांचीही व्यवस्था करावी लागते.

पैसा: अनिवासी झाल्यावर भारतातील बचत खाते 'एनआरओ' खात्यात रूपांतरित करणे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने आवश्यक आहे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे जुने खाते मुदतपूर्तीपर्यंत चालू ठेवता येते, पण त्याची मुदत वाढवता येत नाही. ऑस्ट्रेलियात नव्या कायमस्वरूपी रहिवाशांना मेडिकेअर ही सार्वजनिक आरोग्यसेवा मिळते. मात्र बेकारभत्त्यासारख्या बहुतेक साहाय्यांसाठी १ जानेवारी २०१९ पासून चार वर्षे थांबावे लागते. त्यामुळे नोकरी मिळेपर्यंतच्या काही महिन्यांच्या खर्चाची तरतूद सोबत न्यावी लागते.

आईवडील: या व्हिसात जोडीदार व अवलंबून असलेली मुले यांना सामावून घेता येते, आईवडिलांना नाही. त्यांच्यासाठी स्वतंत्र व्हिसा आहेत आणि त्यांत निदान निम्मी अपत्ये ऑस्ट्रेलियात स्थायिक असण्याची अट आहे. कमी शुल्काच्या पालक व्हिसाची प्रतीक्षा सुमारे तीस वर्षांची आहे. साठी ओलांडलेल्या आईवडिलांसाठी ती वाट व्यवहारात बंदच मानावी लागते. अधिक शुल्काच्या व्हिसालाही अनेक वर्षे लागतात. २०१९पासून तीन किंवा पाच वर्षांच्या तात्पुरत्या पालक व्हिसाची (उपवर्ग ८७०) सोय आहे. तो एकूण दहा वर्षांपर्यंतच मिळतो आणि कायमस्वरूपी वास्तव्याकडे नेत नाही. त्यामुळे एकुलत्या अपत्याच्या कुटुंबात नियोजनाचा खरा कस तारखांपेक्षा या प्रश्नावर लागतो.

नागरिकत्व: चार वर्षांचे वैध वास्तव्य, त्यातील शेवटचे एक वर्ष कायमस्वरूपी रहिवासी म्हणून, अशी मुख्य अट आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व घेणाऱ्यास भारतीय पारपत्र परत करून 'ओसीआय' कार्ड घेता येते.

मध्यस्थ व फसवणूक

अर्ज स्वतः करता येतो. मध्यस्थ नेमणे सक्तीचे नाही. ऑस्ट्रेलियातील नोंदणीकृत स्थलांतर सल्लागाराला नोंदणी क्रमांक असतो आणि तो अधिकृत यादीत पडताळता येतो. 'हमखास नामांकन' किंवा 'व्हिसाची खात्री' असे आश्वासन कोणीही देऊ शकत नाही, कारण नामांकनाचा अधिकार केवळ राज्याचा आणि व्हिसाचा अधिकार केवळ केंद्र सरकारचा आहे. खोटे अनुभवपत्र आढळल्यास अर्ज नाकारला जातो आणि पुढील तीन वर्षे बहुतेक व्हिसांसाठी बंदी येऊ शकते. व्हिसा हाती येण्यापूर्वी नोकरीचा राजीनामा, मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा घराचा व्यवहार करू नये.