निळ्या नळीचा भरंवसा

मधुमेहाच्या इतिहासांत इन्सुलिनच्या शोधाला मानाचें स्थान मिळालें तें योग्यच होय. परंतु रोग्यानें घरीं बसून आपली साखर कशी मोजली, हा त्याच इतिहासाचा दुर्लक्षित भाग आहे. १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्सुलिन मिळविलें आणि मृत्यूची वाट पाहणाऱ्या रोग्यापुढें आयुष्य उभें राहिलें. मग रोज किती औषध टोंचावें, हा प्रश्न उरला.

आमच्या वरणगांवच्या घरीं १९८० च्या सुमारास त्याचें उत्तर एका कांचेच्या नळींत असे. वडील बेनेडिक्टचें निळें द्रावण ५ मिलिलिटर घेत, त्यांत लघवीचे ८ थेंब टाकीत व नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरीत. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असा रंग चढे तशी साखर अधिक. निळा राहिला म्हणजे आई निश्चिंत होई. घरीं फ्रीज नव्हता. खानदेशच्या वैशाखांत इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूंतल्या मडक्यांत राही. (आमच्या मतें हेंहि एक यंत्रच, आणि भरंवशाचें.)

एके रात्रीं वडील घामानें डबडबून असंबद्ध बोलूं लागले. सायंकाळची नळी तर निळी होती! आईनें साखरेचें पाणी पाजलें, तेव्हां ते सावध झाले. रक्तांतील साखर साधारणतः १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावांचून लघवींत उतरत नाहीं; ती ६० असो वा १७०, नळी निळीच.

१९७० सालीं अमेरिकेंत रक्ताच्या थेंबावर चालणारें मापकयंत्र निघालें होतें. पण तें किलोभराहून जड व मुख्यतः डॉक्टरांकरितां. पुढें १९९३ सालीं जाहीर झालेल्या, इन्सुलिनवर जगणाऱ्या १,४४१ रोग्यांच्या अमेरिका-कॅनडांतील प्रयोगानें, साखर काटेकोर आवरल्यास डोळे व मूत्रपिंडें पुष्कळ वांचतात, असें दाखविलें. मात्र त्याच रोग्यांत साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग सुमारें तिप्पट झाले. म्हणजे आमच्या घरची ती रात्र.

आज दंडावर चिकटविलेला सेन्सर त्वचेखालच्या द्रवांतील साखर दर कांहीं मिनिटांनीं मोजतो, आणि ती उतरतांच झोपेंतहि गजर करणारे सेन्सर मिळतात. वडिलांस तो लाभला असता तर, असें मनांत येतेंच. तथापि एक सेन्सर आठदहा दिवस, फार तर दोन आठवडे टिकतो. ग्लुकोमीटर एकदांच घ्यावा लागतो, पट्ट्या जन्मभर. आणि यंत्र कपाटांत असून पट्ट्या संपल्यास महिने लोटलेलीं घरें आम्हीं वरणगांवांत पाहिलीं आहेत. वडिलांची वही मात्र पूर्ण आहे. त्या तारखेपुढें ‘निळा’ एवढेंच लिहिलेलें, आणि खालीं आईच्या अक्षरांत: ‘रात्रीं साखरपाणी दिलें.’