धावेचा सांधा

बीड जिल्ह्यातील नारायणगड हे नगद नारायण महाराजांच्या नावाने ओळखले जाणारे वारकऱ्यांचे स्थान. ज्यांना चंद्रभागेपर्यंत जाणे साधत नाही अशा भाविकांनी त्याला ‘धाकटी पंढरी’ म्हणावे, इतका त्याचा लौकिक. मोटारीची सडक होण्यापूर्वी गडावर येणारा माणूस एक तर पायी येई, नाही तर बैलगाडीतून. आणि बालाघाटाच्या त्या खडकाळ, उंचसखल मुलुखातून म्हातारी माणसे, शिधा आणि कडबा घेऊन निघालेली गाडी सुखरूप घरी परतणे हे बैलांच्या बळाइतकेच चाकावर चढविलेल्या लोखंडी धावेच्या एका सांध्यावर अवलंबून असे. संतांची चरित्रे लिहिणाऱ्यांना त्या सांध्याची दखल घेण्याचे प्रयोजन नव्हते, हे उघड आहे. परंतु धातूला धातू जोडण्याच्या विद्येचा इतिहास या मुलुखापुरता सांगावयाचा झाला, तर तो जहाजे, पूल आणि कारखाने यांच्यापासून नव्हे, तर याच बोटभर जाडीच्या पट्टीपासून सांगावा, असे मला वाटते.

चाक सुताराने करावयाचे आणि धाव लोहाराने चढवावयाची, अशी कामाची वाटणी होती. बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे आणि आऱ्यांच्या टोकांवर बसविलेले पाटे एवढे झाले म्हणजे सुताराचे काम संपे; चाक दिसावयास पुरे असले, तरी त्याचे अवयव एकत्र आवळून धरणारे असे त्यात अद्याप काहीच नसे. लोहार चाकाचा घेर मोजी, त्या घेराहून मुद्दाम थोडी आखूड राहील अशा हिशेबाने लोखंडी पट्टी तोडी, तिची दोन्ही टोके ठोकून निमुळती करी, पट्टी वाकवून ती टोके एकावर एक आणी आणि मग तो भाग भट्टीत सरकवी. येथून पुढची काही पळे हाच त्याच्या विद्येचा कस. लोखंड तांबडे झाले म्हणजे वाकते, पिवळे झाले म्हणजे घणाखाली दबते. पण सांधण्यासाठी ते पांढरे व्हावे लागते, त्याच्या अंगावर ओलसर तकाकी यावी लागते आणि एखाददुसरी ठिणगी आपोआप उडू लागावी लागते. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते आणि सांध्याची ऊब त्याच्या दोन-अडीचशे अंश अलीकडची. हे अंतर लोहार केवळ डोळ्याने ओळखी. क्षणभर उशीर झाला, तर पट्टी जळून जाई. क्षणभर घाई झाली, तर सांधा वरून बसलेला दिसे आणि आतून सुटाच राही, मग तो पहिल्याच ओढ्याच्या दगडगोट्यांत दगा देई.

नेमक्या त्या वेळी तापल्या टोकांवर चिमूटभर वाळू टाकण्याची रीत होती. तापलेल्या लोखंडावर हवेतील प्राणवायूमुळे भस्माचा थर धरतो आणि तो थर मध्ये असेपर्यंत लोखंड लोखंडाला भेटत नाही. वाळूतील सिलिका या भस्माशी संयोग पावून पातळ काचेसारखा रस करते, आणि घणाचा पहिला घाव बसताच तो रस ठिणग्यांसह बाहेर फेकला जाऊन आत निर्मळ धातू निर्मळ धातूला चिकटतो. हे रसायन लोहाराला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. वाळू विसरली तर सांधा धरत नाही, एवढे त्याला पक्के ठाऊक होते. जोडलेली धाव मग जमिनीवर आडवी ठेवून तिच्याभोवती गोवऱ्यांचा आर करीत, ती तापून फुगली म्हणजे चौघांनी सांडशांनी उचलून चाकावर बसवीत, आणि लाकूड धुमसून पेट घेण्यापूर्वी घागरी रित्या करीत. धाव गार होताना आकसे आणि आरे तुंब्यात, पाटे आऱ्यांवर करकरत घट्ट बसत. लोहाराने पट्टी आखूड का तोडली होती, ते तेव्हा कळे.

बीडच्या कोरड्या हवेत मात्र हा घट्टपणा फार काळ टिकत नसे. चैत्र-वैशाखात लाकूड वाळून आखडे आणि धाव सैल होऊन वाजू लागे. शेतकरी चाके काढून डोहात वा विहिरीच्या थारोळ्यात भिजत घाली. त्यानेही भागेनासे झाले म्हणजे धाव उतरवून, तोडून, बोटभर कमी करून पुन्हा सांधावी लागे. बलुत्याची व्यवस्था नेमकी याच गरजेवर उभी होती, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही. सुतार आणि लोहार हे थोरल्या ओळीतले बलुतेदार. नवी गाडी बांधण्याची मजुरी वेगळी ठरे आणि लोखंड कुणब्याने आणून द्यावयाचे, परंतु वर्षभराची दुरुस्ती, म्हणजे फाळ, कुळव, विळे आणि धाव यांची डागडुजी, ही खळ्यावर मिळणाऱ्या धान्याच्या मोबदल्यात व्हावयाची. ज्या गावात सांधे कधीच सुटत नाहीत, त्या गावात लोहाराचे वतन कशासाठी? सांध्याच्या अल्पायुष्यावर लोहाराचे आणि कुणब्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते टिकून होते. हे नाते सुखाचेच होते, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. अवर्षणाच्या साली खळ्यावर धान्यच नसे, आणि तेव्हा लोहाराचा हक्क दप्तरात शाबूत राहून पोट मात्र रिकामे राही.

गावकऱ्यांचा लोहार अपुरा पडे तेथे घिसाडी येत. बैलांवर वा गाढवांवर बिऱ्हाड लादून गावाबाहेर पाल ठोकणारे हे लोक चामड्याचा भाता जमिनीत पुरून तासाभरात भट्टी उभी करीत. संडशीत लोखंड धरून पुरुष बसलेला आणि समोर उभी राहून त्याची बायको वा लेक घण घालीत आहे, हा त्यांचा देखावा महाराष्ट्रात सर्वत्र परिचित होता. स्त्रियांना कारागिरीत दुय्यम ठरविण्याची आपली सवय आहे. परंतु तापलेल्या सांध्यावर घणाचा पहिला घाव नेमका आणि जोरकस पडला नाही, तर पुढच्या शंभर घावांचा उपयोग नसतो, हे ज्याला समजते तो तसे म्हणणार नाही.

ही तापवून ठोकून सांधण्याची विद्या हिंदुस्थानात फार जुनी आणि, आश्चर्य वाटेल इतकी, धाडसी होती. दिल्लीचा सहा टनांहून अधिक वजनाचा गुप्तकालीन लोहस्तंभ ओतलेला नाही. लोखंडाचे लहान लहान गोळे एकमेकांवर ठोकून, सांधत सांधत तो उभा केलेला आहे. दख्खनच्या सुलतानांच्या काळी याच रीतीने काही तोफाही घडत. मुलूखमैदान तोफ ही ओतीव. ती १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली आणि बीडच्या शेजारच्या परांड्याच्या किल्ल्यावर राहून पुढे विजापूरला गेली. परंतु विजापूरचीच लांडा कसाब ही अजस्र तोफ घडीव आहे: लोखंडाच्या लांब पट्ट्या एकमेकींस लावून त्यांच्यावर तापलेली कडी चढविलेली, आणि ती कडी गार होऊन आकसली म्हणजे आतल्या पट्ट्या आवळल्या जाव्यात अशी योजना केलेली. हे धावेचेच तंत्र होय. तोफखान्यातून ते गाडीच्या चाकाकडे आले की चाकावरून तोफखान्यात गेले, याचा निवाडा करण्याची मला गरज वाटत नाही. दोन्ही ठिकाणी हात लोहाराचेच होते.

तांबट आणि कासार यांचे सांधे निराळ्या जातीचे. तांब्याच्या घागरीच्या पत्र्याच्या कडांना दात पाडून ते एकमेकांत अडकवावयाचे, वर टाकणखार आणि पितळेचा कीस घालून भट्टीत धरावयाचे, म्हणजे तांब्याच्या आधी वितळणारे पितळ फटीत शिरून दोन्ही कडा धरून ठेवते. याला झाळणे म्हणत. येथे तिसरा धातू मध्यस्थ असतो, आणि लोहाराच्या सांध्यात तो नसतो. तरी वाळूचे काम टाकणखार करतो, म्हणजे हवेला मज्जाव.

हवेला मज्जाव कसा करावा, हाच प्रश्न पुढे युरोपातल्या विजेच्या सांध्यालाही सुटता सुटेना. रशियन साम्राज्यातील निकोलाय बेनार्दोस याने १८८१ पासून कोळशाच्या कांडीतून निघणाऱ्या विद्युत्ज्योतीने लोखंड वितळवून जोडण्याचे प्रयोग केले आणि स्तानिस्लाव ओल्शेव्हस्की याच्यासह त्याचे एकस्व मिळविले. १८८८ साली निकोलाय स्लाव्यानोव्ह याने कोळशाऐवजी धातूचीच कांडी वापरून ती वितळवीत सांध्यात भरली. ज्योतीचे तापमान सहा हजार अंशांच्या घरात. भाता, घण आणि चौघांचे बळ यांची आता आवश्यकताच उरली नाही. परंतु वितळलेले लोखंड हवेतला प्राणवायू आणि नत्रवायू पिऊन ठिसूळ होई, आणि हे सांधे काचेप्रमाणे तडकत. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कांडीवर खनिजांचा लेप देऊन हा दोष घालविला: लेप जळून निघणारा वायू हवेला दूर सारतो आणि वर मळीचे कवच धरते. आमच्या लोहाराच्या वाळूचे काम या लेपाने अधिक शिस्तीने केले, असे म्हणावयास हरकत नाही. त्याच सुमारास फ्रान्समध्ये प्राणवायू आणि ॲसिटिलीन यांची ज्वाला सिद्ध झाली, आणि वीज नसलेल्या गावी कार्बाइडच्या डब्यावर चालणारे गॅस वेल्डिंग तिच्याच मागोमाग पोहोचले.

विजेच्या सांध्याची मजल मग जहाजांपर्यंत गेली: १९२० साली इंग्लंडात सगळे पत्रे सांधून केलेले, एकही रिव्हेट नसलेले ‘फुलागार’ हे जहाज पाण्यात उतरले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अशी जहाजे धडाक्याने बांधली. त्यांतले ‘शेनेक्टडी’ हे तेलवाहू जहाज जानेवारी १९४३ मध्ये शांत पाण्यात धक्क्याला उभे असताना मोठा आवाज करून मधोमध दुभंगले. रिव्हेटच्या जहाजात एका पत्र्याची चीर त्या पत्र्याच्या काठाशी थांबते. सांधून एकजीव केलेल्या जहाजात तिला अडविणारा काठच राहत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मुंबईत अडवानी-ओर्लिकॉन ही वेल्डिंगच्या कांड्या करणारी कंपनी स्थापन झाली आणि हा माल देशातच मिळू लागला. निजामाच्या राज्यातून १९४८ साली मोकळ्या झालेल्या मराठवाड्यात मात्र वीज यावयास वेळ लागला. परळीच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला, आणि तारा जसजशा गावोगाव पोहोचल्या तसतशी रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडात, निळ्या झगमगाटाची दुकाने दिसू लागली. ‘वेल्डिंग मारून घेणे’ हा शब्दप्रयोग रयतेच्या तोंडी बसला. धाव तुटली तर आता भट्टीची वाट पाहावयास नको. रॉड होल्डरला लावून दोन मिनिटांत टाका पडे आणि मजुरी रोख देऊन माणूस मोकळा होई. वर्षाखेरीचे धान्य देण्याचे प्रयोजन त्याबरोबरच संपले. बलुते कायद्याने वा सुधारकांच्या व्याख्यानांनी मोडले, असे समजणाऱ्यांनी या दुकानांकडेही एकदा पाहावे. अर्थात नाणेव्यवहार, शहरातील गिरण्या आणि लोखंडी अवजारांचा तयार माल यांचाही वाटा त्यात होताच.

गंमत अशी की, धाव सांधणे इतके सुलभ झाले तेव्हाच धाव नाहीशी झाली. १९५०-५१ साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. आणि १९७२ च्या दुष्काळाने हवालदिल झालेला बीडचा शेतकरी मुकादमाची उचल घेऊन, कोयता आणि बैलगाडी यांसह, दर दिवाळीनंतर ऊस तोडण्यासाठी त्या मुलुखात जाऊ लागला. उसाच्या ओझ्याला लाकडी चाक पुरेना. तेव्हा आली टायरगाडी: लोखंडी कोनपट्ट्यांचा साटा, बेअरिंगवर फिरणारी रबरी चाके आणि एकूण एक सांधा विजेचा. लाकडी गाडीत सुताराचा वाटा मोठा आणि लोहाराचा थोडा असे. टायरगाडीत सुतारच नाही. बीडच्या लोहारांच्या आणि घिसाड्यांच्या पुढच्या पिढीतील पुष्कळांनी होल्डर हाती घेतला, तर पुष्कळांनी कोयता. काळी काच न लावता ज्योतीकडे पाहिल्यामुळे रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होणे आणि त्यावर बटाट्याच्या चकत्या बांधून पडून राहणे, हा या नव्या विद्येचा सर्वांना आलेला पहिला धडा.

आता बीडच्या मुलुखात आणखी एक सांधा आला आहे. अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरांच्या लोहमार्गावर सप्टेंबर २०२५ मध्ये गाडी बीडपर्यंत पोहोचली. रेल्वेच्या आधुनिक रीतीप्रमाणे रुळांचे लांब तुकडे कारखान्यात विजेने सांधले जातात आणि जागेवर ते एकमेकांस जोडावयाचे तर ॲल्युमिनियमची भुकटी व लोहभस्म पेटवून निघणारा लोहरस साच्यात ओततात. हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९५ साली एकस्व घेतलेली ही थर्मिट पद्धती. पूर्वी दोन रुळांत उन्हाच्या फुगीसाठी फट ठेवीत. आता फट नाही. म्हणून रूळ बसविताना तो त्या प्रदेशाच्या सरासरी तापमानाहून किंचित वरच्या तापमानाला नैसर्गिक लांबीत राहील, असा हिशेब करतात, आणि काम थंडीत करावयाचे असेल तर रूळ यंत्राने ताणून, तेवढा भाग तोडून, मग सांधतात. पुढे थंडी पडली की रूळ आकसू पाहतो आणि स्लीपरांनी जखडल्यामुळे ताणात राहतो; वैशाखात तो ताण सरून थोडा दाब येतो, पण रूळ वाकडा होण्याइतका येत नाही. घेराहून पट्टी बोटभर आखूड तोडणाऱ्या लोहाराला हा हिशेब समजावून सांगावयास फार वेळ लागला नसता.